स्वतःपुरती उशी

मी एक उशी बोलतेय. डोक्याखालची नव्हे, गुडघ्याखालची. हातभर लांब, त्याहून जरा कमी रुंद, चार बोटं जाड, अंगावर निळं जाडं कापड. सध्याचा मुक्काम एका गाडीच्या डिकीत. एका बाजूला स्टेपनी, दुसऱ्या बाजूला चार घडीच्या खुर्च्या, आणि डोक्यावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या.

डोक्याखालच्या उशांचं नशीब चांगलं. त्यांना कुशीत घेतात, त्यांच्यावर मनसोक्त रडतात, उन्हात घालतात. माझ्या वाट्याला नुसती हाडं. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही, मला हाडांसाठीच शिवलं होतं. तक्रार वेगळी आहे. ती सांगायची तर आधी माझा जन्म सांगावा लागेल.

पाळक, म्हणजे चर्चच्या मंडळीला सांभाळणारे धर्मगुरू, घडवणारं एक कॉलेज होतं. तिथल्या थोरल्या सरांच्या पत्नीला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. दरवर्षी जितके विद्यार्थी शिकून बाहेर पडणार तितक्या उशा बाई स्वतः शिवायच्या. माझं कापड म्हणजे सभागृहाचा उतरवलेला पडदा. आत खाली काथ्या, वर कापसाचा पातळ थर. काथ्या का, तर नुसता कापूस दबतो आणि झटकला की पुन्हा फुगतो. काथ्याचं तसं नाही. रोज एकाच जागी गुडघे टेकले की वर्षभरात दोन खळगे पडतात, ते मग मोडत नाहीत. बाई म्हणायच्या, "उशी बघितली की मला कळतं, पोरगं रोज बसतं की नाही."

शेवटच्या दिवशी बाईंनी मला एका उंच, किडकिडीत पोराच्या हातात ठेवलं. पंचविशीचा होता. दाढी नीट करताना हनुवटी कापून घेतलेली.

"ऐक बाळा," बाई म्हणाल्या. "हिच्यावर मंडळीसाठी प्रार्थना करायची नाही. आजाऱ्यांसाठी नाही, मेलेल्यांसाठी नाही, जगासाठी तर मुळीच नाही. त्यांच्यासाठी उभ्याने कर, बसून कर, रस्त्याने चालताना कर. हिच्यावर फक्त तुझं स्वतःचं. आणि खोटं बोलायचं नाही."

पोरगा हसला. "बाई, जरा स्वार्थीपणा नाही का वाटत?"

"आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार रे?" बाई म्हणाल्या आणि पुढच्या उशीकडे वळल्या.

त्याला मंडळी मिळाली ती मोठ्या गावातली. दगडी चर्च, मागे पाळकांचं घर, घरात रस्त्याच्या बाजूला एक छोटी अभ्यासिका. टेबल, दोन खुर्च्या, पुस्तकांचं कपाट आणि खिडकीखाली मी. रोज सकाळी सहा ते साडेसहा. दाराला आतून कडी. बाहेर त्याची बायको पहारा द्यायची. तेव्हा नवीन लग्न होतं, हौसेने द्यायची. कुणी आलं की म्हणायची, "साडेसहानंतर या. आत्ता ते घरात नाहीत." कडीच्या आतून ते ऐकून त्याला हसू यायचं.

सुरुवातीला तो माझ्यावरही मोठे मोठे शब्द वापरायचा. 'हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या असीम कृपेच्या सावलीत' वगैरे. मला कंटाळा यायचा. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो गुडघ्यांवर आला आणि म्हणाला, "मला भीती वाटते. आज त्या घरी जायचंय. त्यांचा मुलगा गेलाय आणि मला काय बोलायचं ते माहीत नाही." बस, एवढंच. त्या दिवशी मला वाटलं, चला, सुरुवात झाली.

मग काय काय नाही ऐकलं मी! मंडळीच्या सेक्रेटरीचा त्याला राग यायचा. पलीकडच्या चर्चमधल्या पाळकाच्या उपासनेला बसायला जागा नसते, याचा त्याला हेवा वाटायचा, आणि हेवा वाटतो याची लाज वाटायची. वडिलांची आठवण यायची. एकदा म्हणाला, "माझं उपदेशात लक्ष नव्हतं, मी समोर बसलेल्या एका बाईच्या टोपलीएवढ्या टोपीकडे बघत होतो." कधी काहीच बोलायचा नाही. समोरच्या खुर्चीच्या कडेला कपाळ टेकून तिथेच पेंगायचा. मी तेही प्रार्थनेतच धरायची. साडेसहाला कडी काढून बाहेर गेला की बायको विचारायची, "आलात का माणसांत?" तो म्हणायचा, "आलो." आणि खरंच आलेला असायचा. माझ्यात दोन खळगे पडले, डावा जरा खोल, कारण त्याचा भार डावीकडे जास्त असे.

अशी सात-आठ वर्षं गेली. नंतर बिघडलं. एका दिवसात नाही. एका दिवसात बिघडतं ते निदान दिसतं तरी.

आधी आली यादी. आजाऱ्यांच्या नावांचा कागद. त्याला वाटलं, आता गुडघे टेकलेच आहेत तर एवढी नावं घेऊन टाकू. यादीत आधी सहा नावं होती, मग तीस झाली. त्याच्या स्वतःच्या वाट्याला शेवटची दोन मिनिटं राहिली. मग रविवारच्या उपदेशाचे मुद्दे आले. मग मोबाईल आला, माझ्या शेजारी जमिनीवर, पालथा ठेवलेला. पालथा ठेवला तरी तो थरथरतोच. बाईंनी सांगितलेलं त्याला आठवत नव्हतं असं नाही. पण माणूस भिडस्त. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

यादीपर्यंत मी सोसलं. पुढचं काम सेक्रेटरीने केलं, तेही चांगल्या मनाने. तो माणूस वाईट नाही, फक्त त्याला रिकामा वेळ दिसला की हात शिवशिवतात. एका रविवारी उपासना संपताना त्याने जाहीर केलं, "आपले पाळकसाहेब रोज सकाळी सहाला प्रार्थनेत असतातच. ज्यांच्या काही विनंत्या असतील त्यांनी त्या वेळेला यावं. साहेब प्रत्येकासाठी प्रार्थना करतील."

साहेब पुढे उभे होते. नाही म्हणायला एक क्षण होता. त्यांनी मान हलवून स्मित केलं.

सोमवारी सहाला दाराबाहेर चार माणसं होती. महिन्याभरात बारा झाली. पहाऱ्यावरच्या बायकोने पहारा सोडला आणि चहाचे कप मांडायला घेतले. खुर्च्या वाढल्या, मी कपाटाखाली सरकले. कोणाच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं, कोणाचा भाऊ दारू पीत होता, कोणाला परीक्षेची धास्ती होती. सगळी दुःखं खरी होती, मी कोणाला नावं ठेवत नाही. पण त्या अर्ध्या तासात एक माणूस कमी होता, आणि त्याची गैरहजेरी कोणी लावली नाही.

बायकोनेही एक उपाय करून पाहिला. टेबलावर साहेबांची भेटींची डायरी असायची. एका गुरुवारी चार वाजताच्या रेघेवर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'बायको. महत्त्वाचं.' त्याने ते मोठ्याने वाचलं, हसला, तिला हाक मारून म्हणाला, "अहो पाळकीणबाई, आलं हं तुमचं नाव यादीत!" मग गुरुवारी एकाचा अपघात झाला. त्याने 'बायको' खोडून पुढच्या गुरुवारी लिहिलं. पुढच्या गुरुवारी चर्चच्या पंचांची सभा निघाली. असं तिला पाच वेळा पुढे ढकललं गेलं. सहाव्या वेळी ती स्वतः येऊन म्हणाली, "खोडून टाका आता. काय सांगायचं होतं ते विसरले मी." ती कप घेऊन गेली.

आणि मग त्याने मला देऊन टाकलं.

मंडळीत एक म्हातारी नर्स होती, सगळे तिला नर्सआजी म्हणत. चाळीस वर्षं वॉर्डात उभं राहून गुडघ्यांची वाट लागलेली. तरी हट्टाने पहिल्या बाकापुढे दगडी फरशीवर गुडघे टेकायची. त्याने ते पाहिलं, अभ्यासिकेत आला, कपाटाखालून मला ओढून काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि आजीच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. लोक म्हणाले, किती मायाळू पाळक! होताच मायाळू. नसता तर मी वाचले असते.

आजींचे गुडघे लहान होते, त्याच्या खळग्यांत आतल्या आत सरकायचे. पण आजी झकास होती. प्रार्थना करताना देवालाही दटावायची. तिच्याबरोबर मी पहिल्या बाकाखाली तीन वर्षं काढली, आणि तिथूनच मी तो रविवार पाहिला.

त्या आठवड्यात पाच दिवसांत तीन अंत्यविधी झाले होते. शेवटचा शनिवारी, अकरा दिवसांच्या बाळाचा. पेटी इतकी लहान की ती त्याने एकट्याने उचलली, असं आजी शेजारणीला सांगत होती. रविवारी सकाळी तो नेहमीसारखा पुढे आला. आजाऱ्यांची नावं वाचली. म्हणाला, "आपण प्रार्थना करू या." दोनशे माथी खाली गेली.

आणि काहीच झालं नाही.

मी जमिनीवर, मला त्याचे बूटच दिसत होते. टाचा उचललेल्या, सगळा भार चवड्यांवर. ते मला ओळखीचं होतं. शब्द सापडला नाही की तो माझ्यावरही पायाची बोटं अशीच रोवायचा. एक मिनिट गेलं. दोन. कोणाचं तरी मूल खोकलं. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. पाच मिनिटं झाली असतील. मग फार बारीक आवाजात तो म्हणाला, "आमेन."

लोकांनी डोळे पुसले. मला वाटलं, आता तरी कोणी धावेल. धावला तो सेक्रेटरी. "साहेब! काय ती मौन प्रार्थना! अंगावर काटा आला. किती खोल! दर रविवारी ठेवायचीच आता." पुढच्या आठवड्याच्या छापील पत्रकात ओळ आली: 'मौन प्रार्थना – पाळकसाहेब – पाच मिनिटं.' माणूस भर मंडळीत बुडाला आणि मंडळीने त्याचं वेळापत्रक केलं.

एकटी नर्सआजी बाकावरून उठली नाही. सगळे गेल्यावर त्याला जवळ बोलावलं.

"साहेब, माझं आयुष्य वॉर्डात गेलं. झोपलेला माणूस आणि शुद्ध हरपलेला माणूस यांतला फरक मला कळतो."

तो हसला. "आजी, घसा बसला होता हो."

"मग गरम पाणी प्या. आणि ही तुमची उशी घेऊन जा."

"राहू द्या. तुमच्या गुडघ्यांना लागते."

"माझे गुडघे डॉक्टर बदलून देतो म्हणतोय. तुमचं काय बदलून देणार?"

यावर तो खूप हसला, आजीच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्यासाठी छोटीशी प्रार्थना केली आणि निघून गेला. आजी मात्र हसली नाही. ती बराच वेळ माझ्यावर हात ठेवून बसली होती.

चार महिन्यांनी आजी गेली. तिचाही अंत्यविधी त्यानेच केला, आणि सगळे म्हणतात फार सुंदर केला. आठवड्याने तिची मुलगी मला घेऊन अभ्यासिकेत आली.

"आईने तीनदा बजावलं होतं, उशी साहेबांना परत दे म्हणून. पण अशी कशी देणार? आत काथ्याबिथ्या भरलेला, मध्येच दोन खड्डे पडलेले. मी उसवून सगळं काढून टाकलं. अभ्रा धुतला, नवा कापूस भरला. बघा, नव्यासारखी झाली की नाही?"

"छान केलंत," तो म्हणाला. "कशाला एवढा त्रास घेतलात?"

ती गेल्यावर त्याने माझ्यावर अंगठा फिरवला. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, बरोबर त्या जागी. जागा सपाट होती. मी गुबगुबीत, गोरीगोमटी आणि बिनडोक होऊन परत आले होते.

तरी दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, माणसं यायच्या आत, त्याने कडी लावली आणि मला खिडकीखाली मांडलं. इतक्या वर्षांनी! माझ्यात कापूस होता म्हणून, नाहीतर माझं काळीज धडधडलंच असतं. तो टेकला. गुडघ्यांना जागा सापडेना, ते घसरायला लागले. "प्रभू," तो म्हणाला. "ही मंडळी..." आणि थांबला. बाईंचा नियम त्याला आठवला होता. पुन्हा म्हणाला, "मी..."

त्या 'मी'पुढे काहीच आलं नाही. तो दहा मिनिटं तसाच होता. मी मनात म्हणत होते, काहीही बोल, शिवी दे, रड, झोप. मग फोन थरथरला. हॉस्पिटलमधून होता. तो टेबलाला धरून उठला, आणि त्याच्या उठण्यात सुटका होती. माझ्यावरून उठताना त्याला सुटल्यासारखं वाटलं. एवढ्या वर्षांत मला इतकं काही लागलं नव्हतं.

पुढचा प्रसंग म्हणजे दिव्याखाली अंधार. त्याच्या जुन्या कॉलेजने त्याला बोलावलं. शिकून बाहेर पडणाऱ्या नव्या पाळकांसमोर बोलायचं. विषय होता, 'पाळकाने स्वतःच्या आत्म्याला कसं जपावं?' निमंत्रण वाचून त्याची बायको म्हणाली, "तुम्ही? यावर?" मग जीभ चावली. त्याने मला पिशवीत घातलं.

बोलला मात्र अप्रतिम. तो नेहमीच अप्रतिम बोलतो. मला दोन्ही हातांनी वर धरून त्याने बाईंची गोष्ट सांगितली, आड आणि पोहरा सांगितला, कडी आणि पहारा सांगितला. "आजही रोज सकाळी," तो म्हणाला, "मी हिच्यावर गुडघे टेकतो." त्या सभागृहात हे खोटं फक्त मला कळलं.

एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही स्वतःसाठी काय मागता?"

"शक्ती," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. आमच्या चांगल्या दिवसांत त्याने हा शब्द माझ्यावर एकदाही उच्चारला नव्हता.

थोरले सर कधीच गेले होते, पण बाई होत्या. पहिल्या रांगेत, चाकाच्या खुर्चीत. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि मला मांडीवर घेतलं. अंगठ्याने दाबलं. मी दबले आणि लगेच फुगले.

"काथ्या कुठे गेला रे?"

"ते... कोणीतरी धुताना काढला बाई. कापूस भरला."

"बरं. पण रोज टेकत असतास तर कापडावर गुडघ्यांच्या खुणा तरी पडल्या असत्या." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. "माझ्याकडे ये एकदा. उपदेश करायला नको, नुसता बसायला ये. येशील?"

"येतो ना बाई. या महिन्यात जरा..."

"हो. जरा," बाई म्हणाल्या आणि मला त्याच्या हातात दिलं.

गाडीपाशी आल्यावर त्याने डिकी उघडली, मला आत टाकलं आणि झाकण लावलं. त्याला आता एक वर्ष होऊन गेलं. त्या वर्षात तो बाईंकडे दोनदा गेला. एकदा जाऊन नुसता दारावरून वळला, इंजिनही बंद न करता. दुसऱ्यांदा गेला तो त्यांच्या अंत्यविधीला.

तुमच्याही गावात एखादा पाळक असेल. त्याच्याकडे तुम्ही प्रार्थना मागायला जाताच, जा. पण एखाद्या दिवशी काही न मागता जा. 'कसे आहात?' विचारा आणि तो 'मजेत' म्हणाला की उठू नका, बसून राहा. दुसरं उत्तर यायला वेळ लागतो. आणि त्याच्या बंद दारापुढे चार-दोन माणसं दिसली तर त्यांना घरी पाठवा, दोन शिव्या खाव्या लागल्या तरी चालतील.

माझ्या माणसाला कोणी असं भेटेल का, मला ठाऊक नाही. खरं सांगायचं तर मला आशा नाही. मी आहे तिथून मला फक्त ऐकू येतं. हॉस्पिटल असो, कोणाचं घर असो, तो गाडी लावतो, इंजिन बंद करतो आणि उतरत नाही. आधी दोन मिनिटं बसायचा. आता पंधरा-वीस मिनिटं बसतो. चकार शब्द नाही. घड्याळ बघायला बाही सारतो तेवढाच आवाज.

काल दुपारी मात्र तो बोलला. गाडीत दुसरं कोणी नव्हतं.

"मला नाही जायचं आत," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "माझ्याकडे द्यायला काहीच उरलं नाही."

अरे वेड्या, हेच तर! हीच ती प्रार्थना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझं स्वतःचं, आणि त्यात खोटं काही नाही. फक्त दोन सीटांमागे मी आहे. खाली उतर, डिकी उघड, मला त्या पार्किंगच्या सिमेंटवर टाक आणि हेच पुन्हा म्हण. खळगे नसले तर नसू देत, गुडघे घसरले तर घसरू देत.

मी हे सगळं ओरडून सांगितलं. पण उशीचा आवाज तो काय असणार?

त्याचा फोन वाजला. "हो, हो, पोचलोच," तो म्हणाला, एकदम नेहमीच्या गोड आवाजात. "दारातच आहे. काळजी करू नका, आपण प्रार्थना करू."

तो उतरला. गाडीला कुलूप लागलं.